शब्बीरभाईंचा सातवा दिवस

शब्बीरभाईंच्या शमाचा फोन आला तेव्हा मी पॅकहाऊसच्या आवारात द्राक्षांचे क्रेट उतरवून घेत होतो. जानेवारीतली सकाळ, बोटं गारठलेली, त्यामुळे फोन उचलायलाही वेळ लागला. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. मी कधी म्हणून विचारलं. "पहाटे, फजरच्या नमाजाआधी. बसल्या बसल्याच." आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे. गेले दोन महिने ते भिंतीला उशी लावून बसूनच झोपत होते, हे मला ठाऊक होतं.  "दुपारी जुहरच्या नमाजानंतर नेणार आहेत. तुम्ही या," असं सांगून तिनंच फोन ठेवला.

आत टेबलांवर बायका घड साफ करत होत्या. मी हिराबाईंना सांगितलं. हिराबाई आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या. डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाडीतून येतात, बसचा भरवसा नाही म्हणून हंगामभर इथल्याच खोलीत राहतात. त्यांनी कात्री खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि थोड्या वेळानं कात्री पुन्हा उचलली. फाटकात कंटेनर उभा होता. माल तोडलेला होता. ज्या माणसानं हे पॅकहाऊस उभं केलं त्याच्या जाण्यानं काम घटकाभरही थांबलं नाही. मी दुपारी जुन्नरला गेलो तेव्हा हाताला द्राक्षांचा चिकट वास तसाच होता.

शब्बीरभाईंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या फळांचा व्यापार. आम्ही तीन चुलतभावांनी मिळून निर्यातीचं पॅकहाऊस काढायचं ठरवलं तेव्हा आमच्याकडे जमीन होती, बाग होती, अक्कल नव्हती. ती शब्बीरभाईंनी आणली. घड हातात घेतला की देठाकडं बघून तो आज तोडलाय की काल, ते सांगत. मण्यावरच्या पांढरट झाकेला बोट लागलेलं त्यांना लांबून दिसे. बायकांना ते कधी ओरडले नाहीत, पण शीतखोलीचं दार कुणी उघडं टाकलं की त्यांचा "दार!" असा आवाज रस्त्यापर्यंत जाई. ती खोली त्यांचीच. पेट्या भरल्या की ताबडतोब तिथं जायच्या, रात्रंदिवस शून्याच्या आसपास. प्रत्येक पेटीत बुरशी धरू नये म्हणून गंधकाचा कागद. नव्या माणसाला त्या वासानं ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई. शब्बीरभाई स्वेटरवर जुनं जाकीट चढवून तासन्‌तास आत असत आणि बाहेर येऊन म्हणत, "दत्ताभाऊ, आत काश्मीर हाय. फुकटात."

कोरोनाच्या पहिल्या वर्षी बागा भरलेल्या आणि सगळं बंद. परवानगीचा कागद मिळवून आम्ही दोघं एक गाडी माल घेऊन मुंबईच्या बाजारात गेलो. परत आलो तर गावच्या वेशीवर बांबू आडवे बांधलेले. ग्रामसमितीनं आम्हाला गाडीतून उतरवून थेट शाळेत नेलं. चौदा दिवस. आम्ही ठणठणीत होतो, साधी शिंकही नव्हती. चौथीच्या वर्गात दोन सतरंज्या, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. दिवसातून दोनदा कुणीतरी डबे पायरीवर ठेवून मागं सरे आणि मग हाक मारी. ज्यांच्या घरी आम्ही जेवलो होतो ते लोक रस्ता बदलून जात होते. शब्बीरभाई पहिले काही दिवस हसत होते. "शाळा सोडली व्हती आठवीत. आता पुरी करतो," म्हणत.

नवव्या दिवशी त्यांची अम्मी गेली. वय झालं होतं, कोरोना वगैरे काही नव्हतं. जुन्नर तिथून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या आत. शब्बीरभाई समितीच्या अध्यक्षांसमोर हात जोडून उभे राहिले, म्हणजे अध्यक्ष रस्त्यावर आणि हे व्हरांड्यात. "मी हात लावत न्हाई. लांब उभा ऱ्हातो. माती तेवढी दिऊ द्या." अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा पडला होता. पण तो म्हणाला, "भाई, नियम हाय. उद्या कुणाला कायी झालं तर गाव मला धरंल." मीही शब्बीरभाईंचा दंड धरून म्हणालो, नियम आहे, वाद नको. त्यांच्या भावानं कब्रस्तानातून व्हिडिओ कॉल लावला. रेंज येत-जात होती. शब्बीरभाई खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून फोन उंच धरून उभे होते… चित्र अडकलं की तसेच थांबत, सरकलं की ओठ हलवत. त्या दिवसापासून पुढच्या पाच दिवसांत ते माझ्याशी एकही वाक्य बोलले नाहीत. रात्रीसुद्धा वर्गाचं दार उघडं ठेवायला लावत.

हे सगळं सांगतोय ते पुढचं कळावं म्हणून. पुढं नियम सैल होत गेले. चौदाचे दहा झाले, तिसरी लाट आली त्या जानेवारीत दहाचे सात झाले. सलग तीन दिवस ताप नसेल तर सातव्या दिवशी पुन्हा तपासणी न करता कामावर. आमचा हंगाम नेमका तोच. मी तो नियम मोठ्या अक्षरांत लिहून फाटकाजवळ चिकटवला. शब्बीरभाईंनी तो उभ्यानं वाचला. "सात बास झाले," म्हणाले. "चौदा दिवसांत माणसाचं काय व्हतं ते आमाला इचारा." आम्हा सगळ्यांनाच हलकं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू? लोक म्हणत, आता नुसती सर्दी आहे. बायका पुन्हा खांद्याला खांदा लावून टेबलाशी बसू लागल्या. मास्क हनुवटीवर आले.

त्याच महिन्यात शब्बीरभाईंना ताप भरला, तपासणीत कोरोना निघाला. ते घरी राहिले आणि आमची शीतखोली वाऱ्यावर पडली. एका दिवशी तापमान चढलं, एका लॉटचे देठ तपकिरी पडले, आणि पुढचा कंटेनर तोंडावर आलेला. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना फोन केला. तब्येत विचारली. "बरं हाय," म्हणाले, आणि तेवढं बोलून खोकले. ताप आहे का, विचारलं. तेव्हा मागून त्यांच्या पत्नी रेहानाभाभींचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण त्या काहीतरी अडवून बोलत होत्या. मग फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं शब्बीरभाई म्हणाले, "न्हाई. ताप न्हाई. येतो मी."

भाभी काय म्हणत होत्या, हे मी विचारायला हवं होतं. मला ऐकू आलं होतं. पण उद्या सातवा दिवस होता, नियम माझ्या बाजूनं होता आणि कंटेनर यायचा होता. मी म्हणालो, "या मग. सकाळी गाडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी ते आले. जाकीट त्यांना मोठं दिसत होतं, चेहरा ओढलेला. मला वाटलं दाढी वाढल्यामुळं असेल. दिवसभर ते खोलीत आत-बाहेर करत होते, पेट्यांच्या थप्प्या पुन्हा लावून घेत होते. हिराबाई दुपारी माझ्याजवळ आल्या. "भाऊ, ह्यो माणूस अजून बरा न्हाई. त्याच्या तोंडाकडं बगा." मी म्हणालो, नियमानं सात दिवस झालेत, बाई. त्या म्हणाल्या, "दिस झालं असतील. माणूस न्हाई झाला." मी ते हसण्यावारी नेलं. कंटेनर वेळेत भरला. दाराला सील लागलं तेव्हा शब्बीरभाई गाडीच्या चाकाला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ निळसर दिसत होते. थंडीनं, असं मी म्हणालो. तेही थंडीनंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात टेबलावरच्या चार बायकांना ताप आला. त्यांतल्या दोघी सांगून घरी गेल्या, दोघी गोळ्या खाऊन कामाला येत राहिल्या. ताप कुणाकडून कुणाला गेला ते कुणी शोधलं नाही. पहिल्या वर्षी गावानं शोधून काढलं असतं, घरावर कागद लावला असता. आता सगळे शहाणे झाले होते. काही दिवसांत त्या बऱ्या झाल्या. शब्बीरभाई मात्र पुरते बरे झालेच नाहीत.

आधी ते कळण्यासारखं नव्हतं. खोकला राहिला. मशिदीच्या पायऱ्या ते दोन टप्प्यांत चढू लागले. पुढच्या हंगामात "दार!" ही हाक बंद झाली. दार उघडं दिसलं की ते नुसता हात वर करत. बोलताना वाक्य मध्ये तोडायची सवय लागली. "तो लॉट… काल आलेला… तो आधी घ्या." गंधकाचा वास आयुष्यभर अंगावर घेतलेला माणूस, आता पेटी उघडली की तोंड फिरवू लागला. मी बळंच पुण्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, फुप्फुसांत खाली जाळं दिसत होतं. कोविडनंतर काहींत असं दिसतं, म्हणाले. मी विचारलं, आजारात विश्रांती मिळाली असती, गारठा टाळला असता तर? त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सांगता येत नाही," म्हणाले. "कदाचित झालं असतंही, कदाचित नसतंही. पण आता थंड खोलीत जायचं नाही." परतीच्या वाटेवर पेठ गावाजवळ आम्ही चहाला थांबलो. शब्बीरभाई गाडीतून उतरलेच नाहीत. चहा मी काचेतून दिला. म्हणाले, "भाऊ, डॉक्टर काय म्हनला… ते घरी सांगू नगा."

मी त्यांना बाहेर टेबलाशी बसवलं. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आत. मी रागावलो की म्हणत, "घरी बसून… काय करू?" मला वाटे, कामाचा हव्यास. मागच्या दिवाळीनंतर मात्र त्यांना घराबाहेर पडणंच होईना. मी भेटायला जाई तेव्हा त्यांची बैठक दारासमोर असे आणि दार सताड उघडं. थंडी आत येई, भाभी त्यांच्या अंगावर शाल घालत, ते ती बाजूला सारत. बोलणं फारसं होत नसे. मी बागेचं सांगायचो. ते मान हलवायचे आणि माझ्या बुटांकडं बघायचे. त्या संध्याकाळच्या फोनचा विषय माझ्या तोंडाशी येई आणि मी तो गिळत असे.

दफनानंतर आठवड्याभरानं मी भाभींकडे गेलो आणि तो विषय काढला. म्हणालो, त्या दिवशी तुम्ही मागून बोलत होता, मला ऐकू आलं होतं.  भाभी म्हणाल्या, "ताप होता. एकशे एक. मी म्हणत होते, दत्ताभाऊंना सांगा. त्यांनी फोनवर हात ठेवला." शमा आतून येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. मी म्हणालो, चूक माझी होती, भाभी. "तुम्ही बोलावलं नसतं तरी ते आले असते," त्या म्हणाल्या. "त्यांना दार लावून बसायची भीती वाटायची, भाऊ. अम्मीच्या वेळेपासून. ताप आला त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाले, मला कोंडू नको." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण माफीही नव्हती. "पण तुम्ही विचारायला पाहिजे होतं," म्हणाल्या. मी होय म्हणालो. 

निरोगी होते तेव्हा चौदा दिवस बसवलं, आजारी होते तेव्हा सातव्या दिवशी उठवलं. दोन्ही वेळा मी त्यांच्या शेजारी होतो आणि दोन्ही वेळा मी म्हणालो की नियम आहे. आता तर कुठलाच नियम नाही. फाटकाजवळच्या भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे आहेत. कुणी तपासत नाही, कुणी विचारत नाही, आणि या हंगामात पॅकहाऊसमध्ये खोकला पुन्हा फिरतोय. कसला ते माहीत नाही. बायका म्हणतात हवा बदलली.

शीतखोलीच्या दाराबाहेर एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. गेल्या हंगामात शब्बीरभाईंनीच ती तिथं आणून ठेवली होती. आतून आले की तिच्यावर बसत, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून पुढं वाकत आणि श्वास जागेवर येईपर्यंत कुणाशी बोलत नसत. ते गेल्यावर पुष्कळ दिवस तिच्यावर कुणी बसलं नाही. झाडणारी बाई ती उचलून झाडते आणि पुन्हा तिथंच ठेवते. परवा सकाळी मी आलो तर हिराबाई तिच्यावर बसलेल्या. पुढं वाकलेल्या, तळवे गुडघ्यांवर. मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तापलं होतं. "घरी जा, हिराबाई," मी म्हणालो. "रोज बुडणार नाही, मी बघतो. पण जा."

त्यांनी मान वर केली. "किती दिस?"

मी फाटकाजवळच्या भिंतीकडं बघितलं. चिकटपट्टीच्या त्या चार डागांमध्ये आता कुठलाच आकडा नव्हता.  हिराबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, डोक्याला कामाची टोपी लावली आणि टेबलाकडं गेल्या.