श्यामकांतरावांचा रागाचा वर्ग

घाटकोपरला डोंगराच्या अंगावर आमच्या दोन चाळी आहेत, एक वरची आणि एक खालची. दोघींच्या मध्ये एक नळ, एक पिंपळ आणि श्यामकांतराव. पिंपळाला मी रोज पाणी घालते, नळावर रोज थांबते, पण श्यामकांतराव दिसले की पदर सावरून वाट बदलते. कारण ते समजावून सांगतात.

माणूस वाईट नाही हो. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, खिशाला दोन पेनं, जन्म मालवणाकडचा. पण मालवणी त्यांनी धुवून, निळीत बुडवून, इस्त्री करून ठेवलेली. आपण म्हणू "मला वाटतं", हे म्हणणार "माझं असं निरीक्षण आहे". मागं एकदा कचेरीनं त्यांना शिबिराला पाठवलं, विषय माणसामाणसांतले संबंध. बाकीचे लोक शिबिराहून बिघडलेलं पोट घेऊन येतात. हे ध्येय घेऊन आले. तेव्हापासून दर रविवारी चाळीच्या गणपतीच्या खोलीत तरुण मुलांचा वर्ग. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'संघर्षाकडून संवादाकडे'. मुलं त्याला रागाचा वर्ग म्हणत. त्याच दिवसांत घरी त्यांचा आणि बायकोचा, नलिनीचा, पडद्याच्या रंगावरून अबोला चाललेला. संवाद सगळा मुलीमार्फत. "शुभा, बाबांना सांग, चहा निवतोय." "शुभा, आईला सांग, निवू दे."

मुलं वर्गाला यायची. गणपतीच्या खोलीत पंखा होता ना.

तरुण का भांडतात, याची कारणं त्यांनी फळ्यावर लिहिली होती: असुरक्षितता, अहंकार, संवादाचा अभाव. असतीलही. मी आपली दारात रांगोळी घालणारी बाई, मला दिसतं तेवढंच सांगते. गिरण्या बसल्यापासून ही पोरं सकाळी दाढी करून, भांग पाडून, कुठंही न जाण्यासाठी तयार होतात. घरात बाप बसलेला. तो दिवसभर कोणी कधी काय अपमान केला ते उगाळतो. पोरगा ते ऐकून नाक्यावर येतो, आणि हात रिकामे असतात. पण हे फळ्यावर कुठं लिहिणार?

त्यावर श्यामकांतरावांचा उपाय एकच. "राग आला की मनात दहा आकडे मोजायचे. म्हणा माझ्याबरोबर." सगळी पोरं पंख्याखाली बसून बालवाडीसारखी दहापर्यंत म्हणायची.

वर्गात पुढं बसणारे दोघे जिवलग होते. वरच्या चाळीतला नंदकिशोर, म्हणजे प्रेमाचा मुलगा. बाप नाही, प्रेमा चार घरची धुणीभांडी करते. आणि खालच्या चाळीतला चंद्रप्रकाश, दशरथभावजींचा. दोघांनी जिन्यातल्या एकाच दिव्याखाली बसून पोस्टाच्या परीक्षेचा अभ्यास केला. नंदकिशोरचं नाव लागलं, चंद्रप्रकाशचं नाही. चंद्रप्रकाश त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तो लाकडांबद्दल बोलला.

होळी दोन्ही चाळींची एकच, पिंपळापुढची. पण लाकडं कोणाची जास्त, यावर दरवर्षी चुरस. नंदकिशोरनं खालच्या ढिगातला एक ओंडका वरच्या ढिगात टाकला. असं दरवर्षी होतं, होळीला चोरायचंच असतं. पण यंदा चंद्रप्रकाश पुढं झाला.

"चोर साला! सरकारी चोर!"

"जा ना यार, एका लाकडासाठी काय डोकं खातोस?"

"तुझ्या आईनं कोणाची भांडी घासून लावली रे नोकरी?"

नंदकिशोरचे ओठ नुसते हलत राहिले. मग तोच ओंडका उचलून त्यानं हाणला. चंद्रप्रकाशची भुवई फाटली, टाके पडले. श्यामकांतराव बनियनवरच धावत आले.

"नंदू! अरे, दहा आकडे मोजायचे होते!"

"मोजले की काका," नंदू रडत म्हणाला. "दहा झाल्यावरच मारलं."

दशरथभावजींनी मुलाच्या डोक्याची पट्टी बघितली आणि सांगून टाकलं, "आज सण हा म्हणान गप रवतंय. उद्या सकाळी चौकीर जातंय, तक्रार लिवन देतंय." पोस्टाकडून नंदूची चौकशी पोलिसांकडे यायची बाकी होती. चौकीत नाव लागलं की नोकरी संपली. प्रेमा त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. त्यांनी दार लोटून घेतलं. मग श्यामकांतराव गेले.

"दशरथराव, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"समाजतत ना? मग गप घराक जा."

आमच्यावर आणखी एक संकट होतं. होळी पेटवण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांच्या वतीनं मागणं मागायचं, तो मान दशरथभावजींचा. त्यांच्या बापाचाही तोच. गिरणी गेली, पगार गेला, मान तेवढा शिल्लक. यंदा त्यांनी हात झटकले. "माझ्या तोंडान येवचा नाय," म्हणाले, आणि दिवेलागणीला सगळे पिंपळाशी जमले तेव्हा हाताची घडी घालून मागं उभे राहिले. आता गाऱ्हाणं कोण घालणार? आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर श्यामकांतराव नारळ घेऊन पुढं. घसा खाकरला.

"हे परमेश्वरा, आज आपण सर्व या ठिकाणी एकत्र जमलो आहोत. तरुण पिढीतील संघर्षाच्या मुळाशी जाणं ही काळाची गरज आहे..."

गाऱ्हाण्यात प्रत्येक मागण्याला लोकांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. पण हे थांबतील तर ना! लोक नुसते तोंड उघडून उभे. कोणीतरी चुकून टाळी वाजवली. माझ्या हातातलं पुरणपोळीचं ताट जड झालं. देवाला मी मनात म्हटलं, बाबा, तू तरी ऊठ.

देव उठला नाही, दशरथभावजी उसळले. मागून गर्दी हटवत आले, मान इतकी लाल की वाटलं, आता श्यामकांतरावांनाच होळीत घालतात.

"श्यामकांता, ह्या गाराणा नाय! ह्यो अर्ज झालो, अर्ज! कचेरीत नेऊन दी. सर बाजूक."

नारळ हिसकावला, डोक्याला रुमाल गुंडाळला, आणि लागला तो खडा आवाज.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोन्ही चाळी एकदम.

"आज तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली हत. त्येंचा रक्षण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"पोराटोरांचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात प्रेमाचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ज्येका नोकरी नाय, त्येका नोकरी दी. आणि ज्येका नोकरी गावली हा..."

आणि थांबले. बापापासून चालत आलेले शब्द, तोंडातून आपोआप निघालेले. पुढं काय येतं ते दोन्ही चाळींना पाठ. दशरथभावजींनी चंद्रप्रकाशच्या पट्टीकडे बघितलं, मग प्रेमाकडे. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडलं तर वर्षभर दोन्ही चाळींना बाधतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"...त्येची टिकान रवांदे रे म्हाराजा," आवाज फुटला त्यांचा.

"होय म्हाराजा!"

नैवेद्य दाखवताना मी हळूच म्हटलं, "भावजी, उद्या चौकीवर जाताना नारळाची वाटी घेऊन जा. साहेबाला प्रसाद."

"वयनी," ते दात चावत म्हणाले, "तुमची जीभ त्या आगीत घाला."

गेले नाहीत ते. धुळवडीला नंदूनं येऊन पाय धरले, तेव्हा तोंड फिरवून का होईना, पाठीवर हात ठेवला. नंदू पोस्टात लागला. चंद्रप्रकाश अजून दाढी करून नाक्यावर उभा असतो. देवानं गाऱ्हाण्याचा निम्माच भाग ऐकला. उरलेल्या निम्म्यासाठी मी रोज पिंपळाला फेऱ्या घालते.

आणि रागाचा वर्ग? जोरात! पुढच्याच रविवारी पोळ्या लाटताना बसायला गणपतीच्या खोलीतला पाट आणायला गेले, तर श्यामकांतराव फळ्यावर 'संवादाचा विजय' लिहीत होते. आता मागच्या बाकावर नंदू आणि चंद्रप्रकाश खांद्याला खांदा लावून बसलेले. चंद्रप्रकाश कानाला दोन पेनं लावून "माझं असं निरीक्षण आहे" म्हणत होता, आणि नंदू तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

श्यामकांतराव वळले. दोघांना असं एकत्र बघून त्यांचा चेहरा उजळला.

"पाहिलंत ना वहिनी? याला म्हणतात शिक्षणाचा परिणाम!"

मी पाट उचलला आणि म्हटलं, "होय म्हाराजा."