दोराची मयत

"मयत तशीच ठिवू नये," असे म्हणत मामा गॅसकटर पेटवत, तेव्हा नवखा माणूस दचकून आजूबाजूला पाहत असे. मयत म्हणजे क्रेनवरून उतरवलेला पोलादी दोर.

वाचकहो, या दोराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तो अनेक बारीक तारा पिळून केलेला असतो. आधी एखादी तार तुटते, मग तिची शेजारीण. कुठे दोर झिजून बारीक होतो, कुठे चेपतो, कुठे आतून गंजतो. हे मर्यादेपलीकडे गेले की तो बदलावाच लागतो.

तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात दोरांची तपासणी ते करत आणि सुरक्षिततेचे वर्ग मी घेत असे. सारे त्यांना मामाच म्हणत. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात. दोर ते आधी स्वच्छ पुसून घेत. "ग्रीस फासलं की समदे दोर तरणेच दिसत्यात," म्हणत. मग सुती चिंधी दोरावरून सावकाश फिरवत. चिंधी जिथे अडके, तिथे तुटलेल्या तारेचे टोक वर आलेले असे.

दोर नापास झाला की त्याच दिवशी ते त्याचे हातभर लांबीचे तुकडे करत. नंतर नळाखाली बसून डोक्यावरून पाणी घेत.

"मामा, सुतक किती दिवसांचं?" क्रेनवाला विचारी.

"तुला कशाला? भावकीतला हाईस का?"

हशा पिके. तेही हसत, पण तुकडे होण्याआधी कधीच नाही.

एकदा संध्याकाळी गॅस संपला. सुपरवायझर म्हणाला, "उद्या कापा ना मामा. टेन्शन कशाला घेता? लोखंड आहे, पळून जातंय का?"

"पळून जात न्हाई, म्हणून तर कुणीबी उचलतंय."

ते छन्नी-हातोडा घेऊन बसले. दोर मधोमध तुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मध्येच घरून फोन आला. "हितं मयत हाय, उरकून येतो," एवढेच ते म्हणाले. पलीकडून 'कोण गेलं?' असा प्रश्न आला नाही, याचे मला नवल वाटले.

त्याचा उलगडा ते गेल्यावर झाला. झोपेतच गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने सांगितले.

"लई मागची गोष्ट, सर. दुसऱ्या कारखान्यातली. दोर ह्यांनीच नापास करून उतरवला हुता. गुंडाळून ठिवला आन् घरी आले. मागनं कुणीतरी घाईत त्योच परत चढवला. खाली माझा धाकटा भाऊ हुता."

त्या दाराकडे पाहत पुढे म्हणाल्या,

"मी एका शब्दानं बोलले न्हाई त्यांना. पर ह्ये रोज दारातनंच सांगायचे, 'आज अख्खं काय ठिवलं न्हाई.' मी म्हणायचे, 'या आत.' मगच उंबरा वलांडायचे."

त्यांच्या जागी आलेल्या तपासनिसाचे काम चोख आहे. मध्यंतरी त्याने एक दोर नापास केला, नियमाप्रमाणे त्यावर लाल रंग फासला. दोराचे वेटोळे शेडमागे पडले. मी म्हणालो, आजच कापा. तो म्हणाला, "सोमवारी नक्की, सर."

सोमवारी जागा रिकामी होती.

"भंगारवाला घेऊन गेला," सुपरवायझर म्हणाला. "त्याला अख्खाच पाहिजे होता."

मी भंगारवाल्याकडे गेलो. त्याने तो पुढे कुणाला तरी दिला होता. कुणाला, ते त्याला आठवेना. मी वरपर्यंत कळवले, आसपासच्या कारखान्यांतही विचारून आलो. दोर सापडला नाही.

आता तुर्भ्यात कुठेही ओझे वर जाताना दिसले की मी थांबतो. खाली कोण उभे आहे ते पाहतो आणि त्याला बाजूला व्हायला सांगतो. माणसे माझ्याकडे पाहून हसतात, पण सरकतात.