गेनोवेफाबाईंचा अंगठा

सुप्राशल गावच्या पोस्टात तीस वर्षं टपाल वाटून गेनोवेफाबाई निवृत्त झाल्या आणि अळंब्यांच्या मागे लागल्या. सप्टेंबर लागला की दर रविवारी वीस-पंचवीस जणांना घेऊन त्या जंगलात शिरतात. शहरातली माणसं शिकायला येतात. आम्ही गावकरी जातो ते, खरं सांगायचं तर, बाईंना एकदा तरी चुकताना पाहायला. अकरा वर्षांत तो योग आलेला नाही.

त्यांचा दंडक एकच. शेवटी प्रत्येकाने आपली टोपली जंगलाच्या कडेला मांडलेल्या टेबलावर उपडी करायची, आणि बाईंचा हात फिरल्याशिवाय एकही अळंबी घरी न्यायची नाही.

परवाच्या रविवारी झेनोन आला होता. सुतार माणूस, तोंडाचा फटकळ. त्याने अळंब्यांच्या हिरव्या टोप्यांचा ढीगच ओतला. आमच्याकडे या अळंबीला कबूतर म्हणतात. लोण्यात परतली की बोटं चाटत बसावं. पण झेनोनने सगळ्या टोपीच्या अगदी खालून कापल्या होत्या.

"देठ कुठायत?" बाईंनी विचारलं.

"रानात. उगाच माती कोण वाहील? आजोबांपासून आम्ही असंच कापतो."

"आजोबा जाणकार होते, की नुसते नशीबवान?"

सगळे हसले. बाई मात्र एकेक टोपी उलटी धरून खालच्या पात्यांवरून अंगठा फिरवू लागल्या. कबुतराची पाती ठिसूळ असतात, दाबली की तुटतात. तुटली, तुटली, तुटली. सव्विसाव्या टोपीची नुसती वाकली.

"ही कुठे कापलीस, दाखव."

"एवढीशी तर आहे, द्या की फेकून!"

"चल म्हटलं ना."

आम्हीही मागोमाग गेलो. ओकच्या झाडाखाली कापलेलं देठ उभं होतं, त्याला पांढरी झालर. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि बोटांनी हलकेच माती उकरू लागल्या. देठाच्या तळाशी एक पांढरी पिशवी निघाली, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी. इतकी नाजूक, इतकी स्वच्छ, की हात लावावासा वाटावा. कबुतराला अशी पिशवी नसते; ही तिच्यासारखी दिसणारी विषारी अळंबी. हिची एक टोपी माणसाचा जीव घेते, आणि शिजवूनही विष जात नाही.

आम्ही त्या पिशवीकडे बघत राहिलो. बाई अजून जमीनच बघत होत्या. वीतभर अंतरावरचं शेवाळ त्यांनी बाजूला केलं. तिथे आणखी एक तसंच झालरीचं देठ होतं, कापलेलं, वरून सुकलेलं. आमच्यापैकी कुणालाही ते दिसलं नसतं. या बाईंपुढे हात जोडावेत असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

"हे कालचं," त्या म्हणाल्या. "झेनोन, काल इथे कोण आलं होतं?"

झेनोनच्या तोंडचं पाणी पळालं. "मीच. लुत्सिना आज दुपारच्या जेवणाला कालच्या अळंब्यांचाच रस्सा करणार होती."

दीड वाजून गेला होता. त्याने बायकोला फोन लावला. घंटी वाजत राहिली.

"लुत्सिना, जेवलीस?" तो एकदम ओरडला.

तिकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "जेवलीस म्हणे! अडतीस वर्षांत तू आल्याशिवाय घास घेतलाय मी कधी? मीठसुद्धा तूच बघतोस. रस्सा दोनदा गरम केला, कुठे उलथलायस?"

झेनोन त्या उकरलेल्या मातीपाशीच बसला. बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"लुत्सिना, ते पातेल्यासकट पुरून टाक," त्या म्हणाल्या. "आणि घरी आला की आज त्याला काही बोलू नकोस."