चिठ्ठी सोडायला भिणारे भाचेजावई

माझ्या भाचेजावयांइतका भित्रा माणूस बारामती तालुक्यात दुसरा सापडणार नाही. इंदापूर तालुक्यात शोधायची गरजच नाही, कारण तिथलेच ते मूळचे. नातवंडांनो, तुमच्या आईच्या लग्नात जिलेबी वाढून झाल्यावर पाहुण्याने पहिला घास गिळेपर्यंत जे गृहस्थ पंगतीत उभे राहिले, ते हेच. घास अडकला तर? निरोप पाठवला की मोबाइलवरच्या दोन्ही खुणा निळ्या होईपर्यंत ते फोन खाली ठेवत नाहीत. काटेवाडीतल्या त्यांच्या घरून कोणी नुसते बारामतीला निघाले तरी "पोचलात की फोन करा" असे बजावतात, आणि तो फोन येईपर्यंत पानावर बसत नाहीत. एकदा मी फोन करायला मुद्दाम विसरले, तर थोड्याच वेळात स्वतः बारामतीत माझ्या दारात हजर. पोचलात का ते बघायला आलो, म्हणाले. माझी भाची म्हणते, आमच्या घरात भूक लागते ती पाहुणे पोचल्यावर.

ते कॉलेजात संगणक शिकवतात. प्रयोगशाळेतले जुने संगणक एकमेकांना जोडून त्यांनी नदीच्या पाण्याचा अंदाज सांगणारा प्रोग्राम लिहिला आहे. नदीचा एकेक तुकडा एकेका संगणकाकडे. प्रत्येकाने आपला हिशेब करायचा आणि वरच्या तुकड्याच्या संगणकाकडून पाण्याची पातळी मागवायची. उत्तर येईपर्यंत रिकामे बसायचे नाही, काम चालू ठेवायचे. मात्र त्या मागणीची एक खूण हाती राहते. तिला ते रिक्वेस्ट म्हणतात. मला त्यांनी शिंप्याच्या चिठ्ठीवरून समजावले. कापड टाकले की चिठ्ठी मिळते, कपडा हाती आला की ती टाकून द्यायची, त्यांच्या भाषेत सोडायची. आधीच टाकली तर शिंपी शिवायचे थांबत नाही, पण शिवून झाले का हे विचारायची सोय उरत नाही. आणि कधीच टाकली नाही तर चिठ्ठ्यांनीच घर भरते.

असा माणूस चिठ्ठी टाकेल कशाला? उत्तरे येऊन गेली तरी त्यांच्या प्रोग्रामने एकही सोडली नाही. संगणकातली जागा भरत गेली आणि पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक चालू असतानाच सगळे ठप्प झाले. विद्यार्थी म्हणाले, "सर, सोडायला शिका की जरा." भाचेजावई हसले, पण ते त्यांना लागले. घरी येऊन त्यांनी चिठ्ठ्या सोडण्याच्या ओळी लिहिल्या, आणि एका ठिकाणी उत्तर येण्याआधीच चिठ्ठी सोडून दिली. पुन्हा काही ठप्प झाले नाही. प्रोग्राम छान पळू लागला. तो एक संगणक मात्र नवे उत्तर आले का हे न कळल्यामुळे जुन्याच आकड्यावर हिशेब करत राहिला, आणि त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

भाचेजावयांची थोरली बहीण, आक्का, इंदापूरकडे नदीकाठच्या वस्तीवर एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात वरून पाणी सोडले आणि वस्तीवरचे लोक जनावरे हलवू लागले, तेव्हा तिने भावाला फोन केला. मी त्या दिवशी काटेवाडीलाच होते. त्यांनी लॅपटॉपवर प्रोग्रामचा अंदाज बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता बोलले, "आक्का, पाणी चढणार न्हाय. तू घरातच ऱ्हा."

दुपारच्या चहाला बसलो होतो. लॅपटॉपकडे बघता बघता त्यांचा कप हातातच राहिला. वरच्या तुकड्याची पातळी चढत होती आणि आक्काच्या वस्तीची सकाळपासून जराही हलली नव्हती. नदीला असे करता येत नाही.

"मावशी, मी आधीच सोडली," ते म्हणाले. मला अर्थ नंतर कळला, चेहरा लगेच कळला. आक्काचा फोन लागेना, तशी आम्ही गाडी काढली. एरवी उसाच्या बैलगाड्यासुद्धा यांच्या गाडीला मागे टाकतात. त्या दिवशी मला रस्त्याकडे बघवत नव्हते. लावा मावशी, परत लावा, एवढेच ते म्हणत होते. मी लावत होते आणि मनात म्हणत होते, आता कोणी उचलले आणि तो आवाज आक्काचा नसला तर?

वस्तीच्या अलीकडेच रस्ता पाण्यात गेला होता. पाण्याच्या अलीकडे, उंचावरच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर माणसांची दाटी होती, आणि तिथे दोन शेळ्या धरून, छातीपर्यंत भिजलेली आक्का बसली होती.

"दारात पानी आलं तरी मी बसूनच," ती सांगू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणे जास्त कठीण होते. "समदी वरडत हुती. म्हनलं, माजा भाऊ सांगतोय, चढायचं न्हाय. मग शेजारच्यांनी वढून ट्रॅक्टरवर घातलं."

भाचेजावई तिथेच चिखलात बसले. आक्काने त्यांना दंडाला धरून उठवले. "येडा हाईस का? चुकलं आसंल कायतरी. पळत आलास न्हवं?"

आता त्यांचा प्रोग्राम उत्तर आल्याची खात्री करतो आणि मगच चिठ्ठी सोडतो. ती दुरुस्ती एका संध्याकाळची होती. आक्काचा भावावरचा विश्वास मात्र त्या पुरात तसूभरही भिजला नाही, आणि हल्ली ते सगळ्यात जास्त त्या विश्वासालाच भितात. पाऊस धरला की तिचा फोन येतोच. बसू का जाऊ, एवढेच विचारते. परवा मी शेजारीच होते. ते फोन कानाला लावून लॅपटॉपवरचा एकेक आकडा पुन्हा तपासत होते, आणि पलीकडे तिच्या पत्र्यावर पडणारा पाऊस मला इथे ऐकू येत होता.

"सांग की," आक्का म्हणत होती, "मी ऐकतीय."