तानूअक्काच्या आंब्याचं कलम

१९६२च्या मे महिन्यात माझ्या नवऱ्याला, विद्याधरला, त्याच्या संशोधन संस्थेनं एका डोंगरावर पाऊस आणि वारा मोजायला पाठवलं. जयनगरातला नळ आणि कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान सोडून मीही त्याच्यामागून गेले. बेंगळुरूहून येलहंका, तिथून छोटी आगगाडी, मग बैलगाडी, आणि शेवटचा दीड मैल पायी. कल्लबेट्टा नावाच्या त्या डोंगराच्या मध्यावर पंधरा घरं होती. घरांच्या वर, खाली, मागं, पुढं सगळ्या आंब्याच्या बागा, मधूनमधून पेरू आणि फणस.

विद्याधर त्याच्या नळकांड्यात पाऊस मोजायचा आणि पाऊस नसला की पावसाची वाट बघायचा. मला तेवढंही काम नव्हतं. आणि काम नसलं की मी लोकांच्या घरात नाक खुपसते. हे माझी आई सांगायची, सासू सांगायची, आणि आता मीच सांगते आहे.

ती पंधराही घरं मराठ्यांची. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले, फौज पुढं गेली आणि हे डोंगरावरच राहिले, एवढीच माहिती त्यांना होती. मराठी घरात बोलायची आणि तीही निम्मी कानडी. त्यांचं बोलणं ऐकून पहिल्या दिवशी मी हसले, माझं पुणेरी ऐकून तिथल्या बायका हसल्या, फिटंफाट झाली.

शेजारच्या घरात तानूबाई राहायच्या. सगळे तानूअक्का म्हणत, मीही म्हणू लागले. साठीच्या, काटक, आवाज असा की खालच्या बागेतली माकडं पळावीत. दुसऱ्याच दिवशी त्या मला बाग दाखवायला घेऊन गेल्या.

"काशी यंदा रुसली बघा. पारू मात्र दरसाल देती."

"काशी कोण? तुमची सून?"

"सून कुठली! ह्यो काय आंबा. माझ्या आजेसासूनं आणलेला. काशी तिचं नाव."

मग काय, माझं डोकं चालायला लागलं. दोन दिवस मी प्रत्येक झाडापाशी थांबून नाव विचारत होते. पारू, सखू, गंगव्वा, बायजा. सगळी बायकांची नावं. त्या डोंगरावरची रीतच तशी होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या आईनं आपल्या आंब्याचं एक कलम तिच्याबरोबर द्यायचं. आई तरी तो आंबा कुठून आणणार? तिच्या आईकडून. सासरी गेल्यावर मुलीनं ते कलम स्वतःच्या हातानं लावायचं आणि त्या झाडाला पुढं तिचंच नाव. म्हणजे त्या उतारावर उभं राहून नुसती झाडं मोजली की दीडशे वर्षांत कोणकोण सुना आल्या ते कळत होतं. पुरुषांच्या नावाचं एकही झाड नव्हतं. हे मी विद्याधरला जेवताना मुद्दाम दोनदा सांगितलं.

तानूअक्कांचं झाड त्यांच्या परड्यातच होतं. लहान, लांबट आंबा, देठाशी लाल, आणि गोडी अशी की मी पहिल्या दिवशी सात खाल्ले आणि आठवा पदराखाली नेला. त्या चवीचा आंबा आसपास कुठंच नव्हता. पण तानूअक्कांना मुलगी नव्हती. एकच मुलगा, गुंडू, तो चार वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेला. घरात राहिली ती त्याची बायको मालन. चोवीस वर्षांची, कामाला वाघीण, बोलायला मुकी.

मालनचं झाड कुठलं, हे मी विचारलं आणि विचारून पस्तावले. मालनला झाडच नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलं आणि लग्नात नेसूच्या लुगड्यानिशी पाठवून दिलं. कलम बांधणार कोण? विहिरीवर बायका तिला तोंडावर 'बिनझाडाची' म्हणत. चिडवायला म्हणून नव्हे, अमकी लंगडी, तमकी उंच, तशीच ही बिनझाडाची. ती ऐकून घागर उचलायची आणि चालू लागायची.

जूनमध्ये मालनला मागणी आली. खालच्या गावातला संताजी, पेरूच्या बागेचा मालक, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पाट लावायला तयार होता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्यात ते चालत असे, पण चोरट्यासारखं. बाई दिवेलागणीनंतर मागच्या दारानं जायची, निरोप नाही, ओटी नाही, कलम तर नाहीच. आणि सासूचा होकार असल्याशिवाय तेवढंही व्हायचं नाही. तानूअक्का हो म्हणाल्या तर त्या डोंगरावर एकट्या राहणार. नाही म्हणाल्या तर मालन जन्मभर त्यांच्या घागरी वाहणार. संताजीचा माणूस दोनदा आला. दोन्ही वेळा तानूअक्कांनी त्याला आंबे खायला घातले आणि "बघू" म्हणून वाटेला लावलं. मालनला कुणी विचारलंच नाही. मला तिच्याकडे बघवत नसे.

आणि मग जूनच्या शेवटी एके सकाळी मी परड्यात गेले तर आंब्याच्या फांदीशी चार बांबूंवर माचण उभं. माचणावर एक कुंडी, कुंडीत कोयीपासून वाढवलेलं वर्षाचं रोप. रोपाची आणि फांदीची साल एकेका बाजूनं तासून दोन्ही एकमेकांना केळीच्या सोपटानं घट्ट बांधलेली, वरून शेणमातीचा लेप. कलम बांधलं होतं!

"कुणासाठी?" मी विचारलं.

"झाडासाठी," तानूअक्का म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवेना. मी सरळ कस्तुराबाईंच्या ओसरीवर गेले. कस्तुराबाई म्हणजे तानूअक्कांच्या थोरल्या जाऊबाई, भिंतीला भिंत लागून घर, आणि डोंगरावरच्या सगळ्या रीतींच्या राखणदार. मी आपलं सहज विचारलं, "तानूअक्कांना मुलगी नाही, मग हे कलम कुणाचं हो?"

कस्तुराबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. त्यांना एका क्षणात कळलं. मला मात्र त्यांचा चेहरा बघून कळलं.

दुपारी विहिरीवर कस्तुराबाईंनी नुसता भडका उडवला. "पाटाच्या बाईला कलम? कुणी ऐकलंय का? घराण्याच्या मुलीचं ते! सून म्हणून आली, विधवा झाली, आणि आता कलम घेऊन मिरवत जाणार?"

"मिरवत जाणार," तानूअक्का म्हणाल्या. "सकाळी जाणार. पुढच्या दारानं."

"म्हाताऱ्या सासूला टाकून जाती आणि वर झाडबी नेती!" कस्तुराबाई मालनकडे वळून म्हणाल्या.

मालन घागर न भरताच घरी गेली. ही आग मी लावली होती. विद्याधरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू जरा पाऊस मोजत जा."

कलम जुळायला दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर कुंडीतली माती एक दिवसही वाळून चालत नाही. तानूअक्कांचे गुडघे गेलेले, म्हणून माचणावर चढून पाणी घालायचं काम मालनकडे. म्हणजे स्वतःच्या पाठवणीला ती रोज स्वतःच पाणी घालत होती. जुलैभर रिपरिप होती, काही बिघडलं नाही. ऑगस्टमध्ये मात्र पाऊस गायब झाला. विद्याधरच्या वहीत बारा दिवस ओळीनं शून्य. तेराव्या दिवशी मी परड्यात गेले तर रोपाची पानं कडेनं वळलेली. मी तानूअक्कांना हाक मारली.

त्या आल्या, वर बघितलं, लुगडं खोचलं आणि माचणावर चढू लागल्या. मी खालून धरलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी दोन पाय मोडले असते. वर जाऊन त्यांनी कुंडीत बोट घातलं. कोरडी ठाक. हे विसरून झालेलं नव्हतं, चार दिवसांचं होतं.

"मालन!"

मालन दारात आली.

"पाणी का घातलं नाहीस?"

मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा सलग आवाज ऐकला. सासूला ती कानडीतल्यासारखं अत्ते म्हणायची. "अत्ते, मला नको कलम. मी जात नाही. तुम्हाला पाणी कोण आणून देणार? तुमच्या गुडघ्याला तेल कोण लावणार? लोक म्हणत्यात ते खरं हाय."

तानूअक्का माचणावरच बसल्या. त्यांना राग आला होता आणि रडूही, आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते कळत नव्हतं. राग आधी निघाला.

"लोकांचं झाड हाय का हे? माझ्या आईनं दिलंय मला. कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. गुंडू गेला त्या दिवशी तू माझ्या तोंडात पेज घातलीस, चमच्यानं. सून अशी घालती का? घालती तर घालू दे, मला ठाऊक नाही. मी तुला मुलगी म्हणून देणार. आता सांग, संताजी तुला पसंत हाय का नाही? ते मी विचारलंच नाही बघ, चुकलं माझं."

मालननं मान खाली घातली. म्हणाली, "हाय."

"सरी, बरं तर. मग पाणी आण."

मालननं पाणी आणलं. मी तांब्या वर दिला. पानं सावरायला आठवडा लागला, त्या आठवड्यात मी रोज सकाळी चहाच्या आधी माचणाकडे धावत होते आणि देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

सप्टेंबरमध्ये तानूअक्कांनी फांदी कापायला घेतली. जोडाच्या खाली एक खाच, थोडीशीच. आठ दिवसांनी तीच खाच अर्ध्यापर्यंत. आणखी आठ दिवसांनी आरपार. मी विचारलं, एका घावात का नाही?

"एकदम तोडलं तर मरतं, बाई. स्वल्प स्वल्प तोडायचं. तिला कळायच्या आत तिचं तिला पाणी ओढता आलं पाहिजे."



दसऱ्यानंतरच्या सोमवारी संताजी बैलगाडी घेऊन आला, सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात. तानूअक्कांनी मालनची ओटी भरली, कुंडी तिच्या कडेवर दिली आणि पुढच्या दारानं तिला अंगणात आणलं. तेरा घरांतून बायका ओट्यावर उभ्या होत्या. कुणी जवळ आलं नाही. कस्तुराबाई तर दार लावून आत. मालन पाया पडली, तानूअक्कांनी तिला उठवलं आणि म्हणाल्या, "दिवाळीला ये. पहिल्या दिवाळीला मुलगी आईकडं येती." गाडी वळणाआड गेली तरी त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. माझीच नाक पुसून पुसून पंचाईत.

दिवसभर त्या परड्यात माचणाचे बांबू सोडत बसल्या. संध्याकाळी मी त्यांच्यापाशी होते. त्या उठल्या, लाकडं काढली, एकटीपुरतं काय रांधायचं ते कळेना म्हणून पिठाच्या डब्यात हात घालून तशाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात दारात कस्तुराबाई. हातात झाकलेलं पातेलं, त्यात नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि सारू, त्यांची पातळ आमटी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पातेलं चुलीशेजारी ठेवलं, तानूअक्कांचा हात पिठाच्या डब्यातून बाहेर काढला आणि करवादल्या, "ठेव ते. मुलगी सासरी गेली त्या दिवशी आईनं चूल पेटवायची नसते. एवढंबी ठाऊक नाही?"

मग तानूअक्का रडल्या.