लाईट गेल्यावरची शाळा

त्या सकाळी खजुरीत वीज होती आणि दिगंबरअण्णांची पिठाची गिरणी बंद होती. आमच्या गल्लीत या दोन गोष्टी एकत्र कधी घडत नसत. सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी घालून मी तिकडेच निघालो होतो, एवढ्यात त्यांच्या लेकीचा, प्रतीक्षाचा, फोन आला. "गुरुजी, अप्पा गेले..." पहाटे छातीत कळ आली आणि कलबुर्गीला नेतानेता वाटेतच सगळे संपले होते. मी नुसते "हो" म्हणालो. काय बोलावे ते सुचत नाही तेव्हा मी "हो" म्हणतो. खिशातल्या चिठ्ठीवर युक्रेनियन भाषेतले एक वाक्य देवनागरीत लिहिलेले होते. ते अण्णांना हवे होते, आणि तीन आठवडे ते माझ्यापाशी अडकून पडले होते.

अण्णांना मराठी, कन्नड, दखनी आणि गरजेपुरती तेलुगू येत असे. यांतली एकही भाषा ते शिकलेले नव्हते. ज्वारीचा डबा घेऊन जो येई त्याच्याशी त्याच्याच बोलीत ते बोलत. प्रतीक्षा डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली आणि तिसऱ्या वर्षी तिथे युद्ध पेटले. तिची घरमालकीण हालीनाबाई हिने तिला घराखालच्या, बटाटे साठवायच्या तळघरात ठेवले, नऊ दिवस आपल्या हाताने रांधून वाढले आणि सरहद्दीकडे निघालेल्या एका मोटारीत बसवून दिले. आमच्या भागात आपल्या लेकराला कोणी अडीअडचणीत जेवू घातले तर नारळ आणि खण घेऊन त्या घरी जातात आणि आपल्या तोंडाने तसे सांगतात. जाणे शक्य नव्हते. राहता राहिले तोंड, फोनवरून का होईना. "मी सांगते की तिला, अप्पा," असे प्रतीक्षा म्हणाली होती. "तू सांगितलीस तर ते तुझं झालं. माझं कुठं झालं?" असे अण्णांचे उत्तर. मात्र हालीनाबाईची भाषा शिकवायला त्यांनी लेकीला सांगितले नाही. ती भाषा कानावर पडली की ती मुकाट्याने उठून आत जाई, हे त्यांनी पाहिले होते. मग कोणीतरी त्यांच्या मोबाईलवर ऐकून शिकायचे धडे घालून दिले. धड्यांतल्या सूचना इंग्रजीत होत्या, म्हणून हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मला बोलावणे आले.

गिरणी सुरू असताना काही ऐकू येणे शक्यच नव्हते. त्यामुळे वीज गेली की सारे गाव वैतागे आणि अण्णा दारातून हाक मारत, "लाईट गेली, शाळा भरली! या गुरुजी." पीठ लागू नये म्हणून मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला असे. धड्यातली बाई एक वाक्य बोले आणि आपण ते म्हणावे यासाठी थोडी उसंत ठेवी. अण्णांना ती कधी पुरली नाही, कारण ते वाक्य म्हणत नसत, उत्तर देत. 'तुम्ही कसे आहात?' असे तिने विचारले आणि मी अर्थ सांगितला की हे सुरू, "बरं हाय बाई, गुडघा तेवढा दुखायलाय..." तोवर ती पुढे निघून गेलेली. "हिला कुठं जायचंय एवढ्या घाईनं?" मी पुन्हा धडा मागे नेई. पुन्हा गुडघा. सहा महिन्यांत आम्ही तिसरा धडा ओलांडला नाही. एकदा माझा संयम सुटला. "अण्णा, नुसते म्हणा हो, उत्तर कशाला देता?" "कामून न्हाई द्यायचं? बाई विचारायलीय आन् गप बसू? तुमच्या शाळेत चालत आसंल ते." गिरणीच्या सवयीमुळे ते शांततेतही ओरडूनच बोलत, त्यामुळे डबे घेऊन ताटकळणाऱ्या बायकांनाही 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, पाठ झाला. "अण्णा, आधी दळण द्या, मग जावा युक्रेनला," असे एकीने सुनावले, तर म्हणाले, "लाईट येईतो जाऊन येतो की!"

मी मात्र घरी बसून तीसच्या तीस धडे पुरे केले. आज मला रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारता येईल, बिनसाखरेची कॉफी मागता येईल. कोणी आपल्या लेकीला जेवू घातले तर काय म्हणावे, हे त्या तीस धड्यांत कुठेही नाही. हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "मंग मला येवढं एकच वाक्य द्या. तुमी माझ्या लेकीला जेवू घातलं. बस्." मोबाईलवर शोधून, शब्द जुळवून मी ते तयार केले: 'वी होदुवाली मोयू दोन्कू.' पण उच्चाराची खात्री होईना. आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापलेला माणूस मी. प्रतीक्षाला विचारावे, तर तिला त्रास होईल ही सबब हाताशी होती. खरे म्हणजे संकोच माझाच होता. "गुरुजी, झालं का माझं वाक्य?" ते रोज विचारत आणि मी रोज सांगे, "अजून तपासतो आहे." शेवटच्या संध्याकाळी ते गिरणीचा पट्टा बसवताबसवता म्हणाले, "चुकलं तर चुकलं. ती काय मला नापास करायलीय व्हय?" मी हसलो. 'उद्या देतो,' म्हणालो...

तेरावे झाल्यावर मी ती चिठ्ठी प्रतीक्षासमोर ठेवली. तिने ती ओठ हलवत वाचली. "चुकलं आहे का?" मी विचारले. "एक शब्द जरासा. पण तिला कळलं असतं, गुरुजी." मला त्या क्षणी स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा कोणत्याही विद्यार्थ्याचा कधी आला नसेल. हालीनाबाईला अण्णा गेल्याचे तिने कळवले होते. "हेही तू पाठव," मी म्हणालो. तिने मान हलवली. "न्हाई. ते अप्पांचं होतं. मी म्हटलं तर माझं होईल." चिठ्ठीची पूर्वीचीच घडी घालून तिने ती मला परत दिली.

गिरणी आता अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चालवतात. मागच्या आठवड्यात मी डबा घेऊन उभा असताना वीज गेली. पट्टा फडफडत थांबला. वहिनींनी पिठाचे हात पदराला पुसले आणि खिळ्यावरच्या पिशवीतला मोबाईल दाबला. तिसरा धडा. बाई म्हणाली, "दोब्री देन," आणि उसंत घेतली. डबेवाल्या चार-पाच बायका एका सुरात "दोब्री देन" म्हणून मोकळ्या झाल्या. मग तिने 'तुम्ही कसे आहात?' असे विचारले. सगळ्याजणी माझ्याकडे पाहू लागल्या. "म्हणा की, गुरुजी," वहिनी म्हणाल्या. मला उत्तर येत होते, तीसही धडे येत होते. खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून मी मनातल्या मनात उत्तराचा उच्चार तपासून पाहिला... तोवर बाई पुढच्या वाक्याला गेली होती.