पाऊस खाल्लेला चिरा

आमच्या चौकात फायबरचा आंबा बसणार होता, तो मी अडवला. हे मी भेटेल त्याला सांगते आणि त्यात तिळभर खोटं नाही. मात्र त्या आंब्याच्या जागी आज जे उभं आहे, त्याच्या पायात माझी एक चूक चिणलेली आहे. ती गोष्ट सांगताना मी जरा भरभर बोलते, असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे. आज सावकाश सांगते.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. रत्नागिरीतल्या एकाच शाळेत तीस वर्षांहून जास्त काळ मी पोरांना रंग कालवायला शिकवलं. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत बाजारालगतच्या चौकाचं रूप पालटायचं ठरलं. तिथे एक बंद पडलेलं कारंजं होतं, त्यात पाण्यापेक्षा वेफर्सची पाकिटं जास्त. आसपासचे दुकानदार आणि रहिवासी यांनी मिळून समिती केली. बाईंना कला कळते म्हणून मला त्यात घेतलं. अध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी, आता रंगांचं आणि हार्डवेअरचं मोठं दुकान चालवणारा. सातवीत असताना ह्याने समुद्र लाल रंगवला होता आणि निळा रंग संपला असं कारण दिलं होतं. पुढे तो रंग विकूनच श्रीमंत झाला.

पहिल्याच बैठकीत त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. दोन पुरुष उंचीचा पिवळाधमक आंबा, देठाला दिव्यांची माळ.

"रत्नागिरी म्हटलं की आंबा, बाई. मुंबईहून ट्रकमध्ये येतो, एका दिवसात बसतो."

"आंबा खायचा असतो रे," मी म्हटलं. "ह्या चौकातून रोज जी माणसं जातात, ती उभी करू या. डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली, लांब काठीचा, जाळीचा झेला घेऊन आंबे उतरवणारा आणि खांद्यावर दोरखंड टाकलेला खलाशी. आणि दगड आपल्या जमिनीतला, जांभा."

समितीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. जांभा म्हणजे घराच्या भिंती, विहिरीचे कठडे, गडगे. त्याचे पुतळे कोणी ऐकले नव्हते. पण वर्गात गप्प बसवण्याची माझी सवय गेली नव्हती. अध्यक्षाने अट घातली की शिमग्याच्या आत काम पुरं व्हायला हवं, कारण पालखी ह्याच चौकात नाचते. नाही झालं तर आंबा. मी म्हटलं, चालेल.

शिल्पकार मी कोल्हापूरकडचा शोधला. पाथरवटाच्या घरातला, शिवाय कलाशाळेत शिकून आलेला. उन्हाळ्यात येऊन त्याने मातीचे तीन नमुने करून दाखवले. काळ्या दगडात त्याचा हात बसलेला होता, जांभ्यात त्याने कधी काम केलं नव्हतं. "दगड तो दगड, मॅडम," तो म्हणाला. मला तो फार आवडला, कारण त्याचा स्वभाव माझ्यासारखाच होता. दिवाळी झाली की येतो, तोवर दगड तयार ठेवा, असं सांगून तो गेला.

हल्ली जांभ्याचे चिरे मशीनने कापतात, सगळे एका मापाचे. पुतळ्याला लागतो तेवढा मोठा दगड हाताने काढावा लागतो, आणि तसं काढणारा एकच माणूस मला ठाऊक होता. शहराबाहेरच्या सड्यावर, काळ्या कातळाच्या त्या माळरानावर, त्याची लहानशी खाण. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणते. मोजमापं ऐकून त्यांनी विचारलं, "कंदी घडवणार?"

"दिवाळीनंतर."

"मंग दिवाळीनंतरच काडतो. घडवायला ओला बरा."

इथे माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. रत्नागिरीत ज्याने घर बांधलंय त्याला हे कोणी शिकवावं लागत नाही: खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, त्याला एक पाऊस खाऊ द्यायचा, मग तो टणक होतो आणि मगच भिंतीला लावायचा. मी माझं घर असंच बांधलं होतं.

"काका, पाऊस खाल्ल्याशिवाय चिरा वापरतात का कधी?"

"तां घराचं झालं."

"चिरा तो चिराच," मी म्हटलं. "पावसाआधीच काढा. माझ्या अंगणात ठेवते."

काकांनी टिकाव उचलला. "तुमी म्हणताव तर काडतो," एवढंच बोलले.

चार महिने ते बारा मोठे दगड माझ्या अंगणात पाऊस खात होते. मी खिडकीत चहा घेत त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे. शेजारणीला सांगायचे, बघ, मुरतायत.

दिवाळी झाली आणि शिल्पकार आला. पहिल्या दिवशी त्याने दगडाला छिन्नी लावली, तर लावली तिथे सुपारीएवढा खडा उडाला. दुसऱ्या दिवशी छिन्नीची धार गेली. तिसऱ्या दिवशी, मासळीवालीचा पाटीला लावलेला हात जरा कुठे दिसायला लागला होता, तो कोपरापासून खाली आला. तो तुकडा हातात घेऊन शिल्पकार पायरीवर बसला.

"वरनं लोखंड झालाय, मॅडम. जोर लावला की ढासळतोय. असला दगड दिला कुणी?"

मला त्याच क्षणी कळलं. मुरलेला चिरा भार पेलायला असतो, कोरायला नव्हे. काकांनी हेच सांगितलं होतं, तीन शब्दांत. मी तोंड उघडणार तेवढ्यात अध्यक्ष फाटकातून आत आला, त्याने तुटलेल्या हाताचा फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: खाणवाल्याने निकृष्ट माल दिला आहे. आंब्याचं बघू या का?

माझ्या खिशात फोन वाजला. मी वाचलं आणि त्याखाली अंगठा पाठवला.

का पाठवला, ह्याचं उत्तर मला माहीत आहे. माझ्यावरची बला टळली म्हणून मला हायसं वाटलं. इतकी वर्षं गावात शहाणी म्हणून मिरवलेल्या बाईला, जांभा कळत नाही हे कबूल करणं जड गेलं. बाकी काही कारण नव्हतं.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी मासे आणायला गेले, तर माझी नेहमीची मासळीवाली बांगडे निवडता निवडता म्हणाली, "बाय, त्या सड्यावरच्या म्हाताऱ्याचा चिरा भुसभुशीत निघाला म्हणं तुमच्याकडं? माझ्या दिराने घरासाठी सांगितलेला व्हता. नको म्हणून कळवलान काल." तिच्यापर्यंत पोचलं म्हणजे गावभर पोचलं होतं. मी बांगडे तिथेच ठेवून रिक्षा केली.

काका खाणीच्या काठावर झोपडीच्या सावलीत बसले होते. मी गेले, समोर उभी राहिले. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी आणि गुळाचा खडा देतात, मग बोलतात. काकांनी पाणी विचारलं नाही.

"चूक माझी झाली," मी म्हटलं.

"चुकलाव त्याचं काय नाय, बाई. मी पन चुकलोय कंदी कंदी." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "कोनीतरी त्या मोबाइलचा फोटू पाठवलान. सुनेने दाखवलान मला. मला वाचता येत नाय. पन खाली तुमचं नाव आनि अंगठा व्हता, तो तिने सांगितला."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. उद्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगते, एवढंच कसंबसं म्हटलं.

"सांगा, नायतर नका सांगू. माझा चिरा खराब नाय, येवडं मला ठाव हाय," काका म्हणाले आणि उठून खाणीत उतरले.

बैठक अध्यक्षाच्या दुकानाच्या माडीवर, रंगांच्या डब्यांमध्ये. सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले, शिल्पकारही कोपऱ्यात. मी उभी राहिले. माझ्या वर्गात एक नियम होता. ज्याच्या हातून दुसऱ्याच्या चित्रावर पाणी सांडेल त्याने फळ्यापाशी उभं राहून, आपल्या तोंडाने, मोठ्याने सांगायचं. सांगताना 'पण' म्हणायचं नाही. 'पण' आला की पुन्हा पहिल्यापासून.

"दगड मी पावसात ठेवायला लावला," मी सुरुवात केली. "काकांनी नको म्हटलं होतं. दगड चांगला होता. ग्रुपवर त्यांचं नाव खराब होत असताना मी अंगठा दिला. पण मला वाटलं की..."

"बाई," अध्यक्ष हळूच म्हणाला, "'पण' आला."

माडीवर कोणी हसलं नाही. तो स्वतः त्या फळ्यापाशी किती वेळा उभा राहिला होता, हे त्याला आणि मला ठाऊक होतं. मी घोटभर पाणी प्यायले आणि पहिल्यापासून सांगितलं, 'पण' न म्हणता. मग खाली बसून तेच ग्रुपवर लिहिलं आणि जिथे जिथे पाठवता येईल तिथे पाठवा अशी विनंती केली.

"मग आता आंबा?" कोणीतरी विचारलं.

शिल्पकार उठला. "मला आजच्या आज काढलेला एक दगड द्या. आठ दिवस द्या. नाही जमलं तर आंब्याचा चौथरा मी फुकट बांधून देतो."

अध्यक्षाने आठ दिवस दिले. मात्र ताजा दगड काढणार कोण, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा सड्यावर गेले. माझं लिहिलेलं सुनेने त्यांना वाचून दाखवलं होतं. काकांनी आधी पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाले, "चिरा देतो. पन तुमच्या अंगनात हाय तो टाकायचा नाय. तो खाली लावा, जोत्याला. वर काय तां उभं करा."

मी लगेच हो म्हटलं. जोत्यासाठी त्याहून चांगला दगड जिल्ह्यात सापडला नसता. मासळीवालीलाही मी स्वतः जाऊन सांगितलं आणि तिच्या दिराचं घर काकांच्याच चिऱ्यात बांधलं गेलं.

मग काम माझ्या अंगणात नाही, खाणीतच सुरू झालं. सकाळी काका दगड काढायचे, दुपारी शिल्पकार तो घडवायला बसायचा. ओला चिरा ताज्या वडीसारखा कापला जात होता. काका काठीने दगडावर टकटक करून कुठे आत पोकळ आहे ते सांगायचे आणि तो तिथे छिन्नी लावायचा नाही. आपल्या बारीक छिन्न्या त्याने पिशवीत परत ठेवल्या आणि पहिला आकार काकांच्या टिकावाने काढायला लागला. आठव्या दिवशी दगडातली मासळीवाली पाटीला हात लावून उभी राहिली. अध्यक्ष तिच्याभोवती दोनदा फिरला.

"सगळं छान आहे. पण हिला नाक कुठाय?"

"आमच्या चिऱ्याला नाक बसत नाय," काका म्हणाले. "ज्याचं त्याने लावून घ्यावं."

आंब्याचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही. माघ सरता सरता तिघेही चौकात उभे राहिले, खाली माझ्या अंगणातल्या बारा दगडांचं जोतं. शिमग्यात पालखी आली तेव्हा निम्मा गाव त्या जोत्यावर चढून नाचत होता. ढोल कानाशी वाजत होता आणि मी मात्र दगडाच्या कोपऱ्यांकडे बघत होते. एक कपचा उडाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सुनेला घेऊन आले. अध्यक्ष आणि मी तिथेच होतो, पावसाळ्यात शिल्पांवर घालायच्या ताडपत्रीचं माप घेत. ताडपत्री घालायचं अर्थात मीच सुचवलं होतं. काकांनी जोत्यावर काठी आपटली, आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग खलाशाच्या गुडघ्यावर नख ओढलं. नखात तांबडी माती आली.

"हा अजून कोवळा हाय," ते म्हणाले. "ह्याला आता पाऊस खाऊं दे."

अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी मापाची टेप गुंडाळली, फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं: ताडपत्री रद्द. काका म्हणतात, पाऊस खाऊ दे. सुनेचा नंबर अध्यक्षाने बैठकीनंतर ग्रुपमध्ये घेतला होता, त्यामुळे तिचाही फोन वाजला. तिने वाचून दाखवलं. काकांनी फोन तिच्या हातातून घेतला, कुठे दाबायचं ते विचारलं आणि माझ्या वाक्याखाली अंगठा पाठवला.